गच्चीवरची गंजकी डिश आणि २७९ किलोमीटर

दिवाळीच्या साफसफाईची मोहीम आमच्या घरी दरवर्षी माळ्यावरून सुरू होते आणि गच्चीवर संपते. यंदा ती गच्चीवर पोचली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींची नजर कठड्याजवळच्या डिशवर गेली. कडेने गंजलेली, मध्यभागी कावळ्यांनी रंगवलेली, आणि एका अंगाला पोचा आलेली.

"अहो, टीव्हीला आता सगळं इंटरनेटवरूनच दिसतं. मग ही छत्री कशाला ठेवलीय? कपडे वाळत घालायला अडचण होते नुसती."

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. भंगारवाल्याला वर बोलावले. त्याने डिशला टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि "वजनावर घेईन, साहेब," असा निकाल दिला. तो ती काट्याला अडकवणार एवढ्यात माझी पुतणी जिना चढून वर आली. ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि घरातल्या कोणत्याही टाकाऊ वस्तूवर आपला पहिला हक्क आहे असे ती मानते.

"काका, विकू नका हं ती! हिच्यावरून इंटरनेट पाठवता येतं. पाच-दहा किलोमीटर तर सहज. आणि नीट जमवलं तर शेकडो किलोमीटर!"

"आधी हे पाटे-वरवंटे खाली ने," काकूंनी बजावले, "मग शेकडो किलोमीटरचं बघू."

भंगारवाला जुनी बादली घेऊन गेला. डिश राहिली. घरातल्या वाय-फायचा जोर स्वयंपाकघराच्या भिंतीशी संपतो हा आमचा रोजचा अनुभव. आणि ही मुलगी शेकडो किलोमीटरच्या गोष्टी करते! तेव्हा मी ठरवले की या प्रकरणाचा छडा लावायचाच. पुढचे तीन रविवार त्यात गेले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

आरसा तो आरसाच

पहिला गैरसमज मी माझ्यापुरता दूर केला तो असा: डिश हे यंत्रच नव्हे. तिच्यात वीज नाही, तारा नाहीत, बिघडण्यासारखे काही नाही. डिश म्हणजे एक आरसा. फरक इतकाच, की हा आरसा उजेडासाठी नसून बिनतारी लहरींसाठी आहे.

हातातली बॅटरी घ्या. तिच्यातला चिमुकला दिवा नुसताच बाहेर काढून पेटवला तर खोलीसुद्धा धड उजळत नाही. तोच दिवा त्याच्या चकचकीत वाटीत बसवला की रस्त्यापलीकडचे झाड दिसू लागते. दिव्याची ताकद वाढली का? मुळीच नाही. चहूकडे उधळला जाणारा उजेड वाटीने गोळा करून एका दिशेला लावला, एवढेच. आपल्या घरातला राउटर हा तसा उघडा दिवा आहे. तो शेजाऱ्यांकडे, जिन्यात, रस्त्यावर, सगळीकडे सारखाच उधळत असतो.

या दिव्याला डिशची वाटी दिली तर काय होते, याचे गणित पुतणीने मला वहीत करून दाखवले. ६० सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे घरोघरी असते तशी डिश, वाय-फायच्या लहरी ज्या एका दिशेला पाठवते तिकडे त्या सुमारे १३० पट प्रखर होतात. व्यास दुप्पट केला तर प्रखरता चौपट होते. २.४ मीटर व्यासाची, पूर्वी केबलवाल्यांच्या गच्चीवर दिसायची तशी मोठी डिश असेल तर हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. अर्थात वाढलेले हे धन फुकटचे नव्हे; बाकीच्या सर्व दिशांचे काढून ते एका दिशेला दिलेले असते. शिवाय डिश जसे दूर बोलते तसेच दूरचे ऐकतेही. दोन्ही टोकांना डिश लावली की लाभ दोनदा पदरात पडतो.

"पण ही तर टीव्हीची डिश. टीव्हीच्या लहरी वेगळ्या आणि वाय-फायच्या वेगळ्या ना?" मी शंका काढली.

शंका खरी आहे. उपग्रहाकडून घरोघरी येणाऱ्या टीव्हीच्या लहरी सेकंदाला सुमारे बाराशे कोटी कंपने करतात. त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. सर्वांत प्रचलित वाय-फायच्या लहरी सेकंदाला २४० कोटींच्या आसपास कंपने करतात आणि त्यांची लांबी असते १२ सेंटीमीटरांहून थोडी अधिक. परंतु आरशाला या भानगडीशी कर्तव्य नसते. त्याची अट एकच: त्याच्या पृष्ठभागावरचे खाचखळगे लहरीच्या लांबीच्या फार तर दशांशाइतके असावेत. टीव्हीच्या बारीक लहरींसाठी घडवलेली डिश वाय-फायच्या लांब लहरींना गुळगुळीतच वाटते. आमच्या डिशला आलेला पोचा सेंटीमीटरभर खोल आहे. टीव्हीला तो नडला असता. वाय-फायला त्याचा पत्ताही लागत नाही. गंजाचेही तसेच.

हा आरसा सलग पत्र्याचा असण्याचीसुद्धा गरज नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून आपल्या देशातील सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांना दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रसिद्ध प्रयोग झाला. त्या खेड्यांत उभारलेल्या तीन-तीन मीटर व्यासाच्या डिश कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या! जाळीची भोके लहरीच्या मानाने लहान असली की लहर त्यातून निसटत नाही. न्यूझीलंडमध्ये तर काही हौशी लोकांनी तळणाचा मोठा जाळीदार झारा घेऊन त्याच्यापुढे वाय-फायचा चिमुकला संच बसवला आणि आपले काम साधले. ही माहिती मी घरात जपून सांगितली. चकल्यांचे दिवस होते. झाऱ्याकडे कोणाची नजर वळलेली काकूंना खपली नसती.

डब्याची करामत

डिशच्या पुढे दांडीवर जे बोंडूक असते त्याला एलएनबी म्हणतात. ते फक्त ऐकते, बोलत नाही, आणि ऐकते तेही टीव्हीच्याच लहरी. तेव्हा वाय-फायच्या कामाला ते निरुपयोगी. ते काढून त्याच्या जागी आपल्याला हवे तसे दुसरे बोंडूक बसवायचे, एवढेच या रूपांतराचे सार आहे. आणि हे दुसरे बोंडूक म्हणजे एका बाजूने उघडा असलेला साधा पत्र्याचा डबा!

डबा मात्र मोजून घ्यावा लागतो. सुमारे ९ सेंटीमीटर व्यास आणि निदान १५ सेंटीमीटर लांबी असलेला उत्तम. व्यास फारच कमी असेल तर ही लहर डब्यात शिरतच नाही. जास्त असेल तर ती आत वेडीवाकडी नाचू लागते. ९ सेंटीमीटर व्यासाच्या डब्याच्या बंद बुडापासून ५१ मिलिमीटर अंतरावर कडेला एक भोक पाडायचे. त्यात पितळी कनेक्टर बसवून त्याला ३१ मिलिमीटर लांबीची तांब्याची जाड तार डागायची. तार डब्याच्या आत सरळ उभी राहिली पाहिजे. ३१ मिलिमीटर म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा. डब्यात कोंडलेली लहर बाहेरच्यापेक्षा लांब होते, म्हणून बुडापासूनचे अंतर मात्र ५१ मिलिमीटर. या दोन मापांत दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तरी काम बिघडते. आमचा पहिला डबा माझ्या डोळ्यांच्या भरवशावर भोक पाडल्यामुळे वाया गेला. दुसऱ्याच्या वेळी पट्टी माझ्या हातातून काढून घेण्यात आली.

हा डबा, तोंड डिशकडे करून, एलएनबीच्या जागी दांडीला बांधायचा. दोन्ही टोकांच्या डब्यांतल्या तारा एकाच अंगाने असाव्यात. दोन्ही उभ्या किंवा दोन्ही आडव्या. एक उभी आणि एक आडवी झाली तर दोघे एकमेकांना जवळजवळ ओळखतच नाहीत.

आणखी एक धडा आम्ही अनुभवाने शिकलो. राउटर खाली घरात ठेवून गच्चीपर्यंत केबल ओढावी हा माझा आग्रह होता. पण इतक्या जलद लहरींना बारीक केबल सोसत नाही. दहा मीटरांच्या प्रवासात दहातले नऊ हिस्से केबलच खाऊन टाकते. डिशने १३० पट कमवायचे आणि केबलने त्यातले बहुतेक गिळायचे! म्हणून राउटरच पाण्यापासून सुरक्षित अशा डब्यात घालून डिशच्या पाठीशी बसवावा, हातभर केबलने तो जोडावा, आणि घरापर्यंत संगणकाची नेहमीची तार आणावी.

डिश जमिनीकडे का बघते?

दुसरे टोक होते पुतणीच्या मैत्रिणीच्या गच्चीवर. सरळ रेषेत चार किलोमीटर. तिच्याकडेही अशीच एक निवृत्त डिश होती. पहिल्या रविवारी दोघींनी आपापल्या डिश एकमेकींच्या दिशेने अगदी सरळ, भिंतीसारख्या उभ्या करून धरल्या. फोनवर सूचनांचा भडिमार चालला होता. "डावीकडे घे... थोडी उजवीकडे..." दोन तास झाले. पत्ता नाही.

चूक गमतीची होती. आपल्या घरगुती डिशमध्ये ते बोंडूक मध्यभागी नसून खालच्या बाजूला असते, म्हणजे त्याची सावली डिशवर पडत नाही. त्यासाठी डिश अशी घडवलेली असते, की ती जिकडे तोंड करून उभी दिसते त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. भिंतीसारखी सरळ उभी केलेली आमची डिश चार किलोमीटरवरच्या गच्चीकडे नव्हे, तर आकाशातल्या घारींकडे टक लावून होती! तिने समोर बघावे असे वाटत असेल तर तिला पुढे वाकवावी लागते. इतकी, की बघणाऱ्याला वाटावे ही जमिनीवर सांडलेले काही शोधते आहे.

दुसऱ्या रविवारी ती चूक सुधारली. संध्याकाळी अंधार पडल्यावर मैत्रिणीने तिकडून बॅटरी लुकलुकवली, आम्ही दुर्बिणीतून ती हेरली आणि डिशचे तोंड तिकडे लावले. अशा डिशचा झोत साधारण १४ अंश रुंद असतो. हात लांब करून धरलेली मूठ जेवढी जागा झाकते तिच्यापेक्षा जरा अधिक. तेव्हा नेम तितका अवघड नाही. संदेश मिळाला, पण अशक्त. याचा दोष एका आंब्याकडे गेला. लहरीला नुसती दोरीएवढी वाट पुरत नाही. तिला मध्यभागी फुगलेली, लांबट भोपळ्यासारखी मोकळी जागा लागते. चार किलोमीटरच्या अंतराला हा भोपळा मध्यावर अकरा मीटर त्रिज्येचा होतो. दिसायला समोरची गच्ची स्वच्छ दिसत होती. पण आंब्याचा शेंडा भोपळ्यात घुसला होता. आणि ओली पाने म्हणजे या लहरींचा वैरीच. (नुसत्या पावसाचे त्यांना फारसे काही वाटत नाही. पावसात टीव्ही दिसेनासा होतो तो त्याच्या लहरी आखूड असल्यामुळे.)

तिसऱ्या रविवारी आम्ही डिश पाण्याच्या टाकीशेजारी उंच नेली, आणि पडद्यावर मैत्रिणीच्या आजी दिसू लागल्या. अगदी स्पष्ट. मागे त्यांच्या देवघरातली समईसुद्धा दिसत होती. आम्ही इकडे टाळ्या पिटल्या. आजी शांतपणे म्हणाल्या, "अगं, एवढा खटाटोप कशाला? फोन नाही का लावायचा?"

आजींचा प्रश्न चुकीचा नव्हता. शहरात हा खेळच आहे. पण जिथे फोन लागत नाही, जिथे केबल पुरून देणाऱ्या कंपनीला परवडत नाही, तिथल्या माणसांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांची हकिकत पुतणीने मला त्या रात्री सांगितली.

अँडीजच्या माथ्यावरून

दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात, अँडीज पर्वताच्या कुशीत मेरिदा नावाचे विद्यापीठाचे शहर आहे. तेथील एर्मान्नो पिएत्रोसेमोली हे प्राध्यापक एस्लारेड नावाच्या संस्थेचे एक आधारस्तंभ. लॅटिन अमेरिकेतल्या तंत्रज्ञांना संगणकांची जाळी उभारायला शिकवावे, हे या संस्थेचे काम. डोंगरदऱ्यांच्या या देशांत गावे एकमेकांपासून दूर, पैसा थोडा, आणि महागडी यंत्रे आवाक्याबाहेरची. तेव्हा दुकानात सहज मिळणारा साधा राउटर जास्तीत जास्त किती दूर बोलू शकेल, हे त्यांना पाहायचे होते.

अमेरिकेत २००५ साली काही तरुणांनी नेवाडा आणि युटा या राज्यांतल्या डोंगरांदरम्यान सुमारे २०१ किलोमीटर अंतर वाय-फायने जोडून दाखवले होते. पिएत्रोसेमोली यांनी त्याच्या पुढे जायचे ठरवले.

अडचण डिशची नव्हती, पृथ्वीची होती. पृथ्वी गोल आहे, आणि या लहरी जवळजवळ सरळ जातात. २७९ किलोमीटरच्या मध्यावर जमिनीचा फुगवटा एक हजार मीटरांहून अधिक भरतो. म्हणजे एखादा डोंगरच आडवा घातल्यासारखे! यावर उपाय एकच, अतिशय उंच जागी चढून बसणे. मेरिदाजवळच्या पिको देल आगिला या शिखराची उंची सुमारे ४१०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट. तिथून खाली पूर्वेला मैदानी प्रदेश पसरला आहे, आणि त्या मैदानात एल बाउल नावाच्या गावी एक लहानशी टेकडी आहे. दोहोंमधले अंतर २७९ किलोमीटर. मुंबईहून कोल्हापूर सरळ रेषेत जितके दूर, जवळजवळ तितके.

साहित्य काय होते? उपग्रहांच्या सेवेतून निवृत्त झालेल्या, अडीच मीटरांच्या आसपासच्या जुन्या डिश. आणि लिंक्सिस कंपनीचा, त्या काळी हजारो घरांत असलेला साधा राउटर. संदेशाची ताकद वाढवणारे कोणतेही यंत्र मध्ये नव्हते. एवढ्या मोठ्या डिशचा झोत जेमतेम साडेतीन अंशांचा असतो. हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढा. तेवढ्या झोताने क्षितिजापलीकडची, डोळ्यांना न दिसणारी टेकडी हुडकायची. विरळ हवा, बोचरा वारा, आणि हातात नकाशा, होकायंत्र व संदेशाची ताकद दाखवणारे मोजमापाचे यंत्र. २००६ सालच्या एप्रिल महिन्यात दोन टोकांनी एकमेकांना ओळखले.

ओळखले, पण बोलणे मात्र होईना, तशी नवीच मौज पुढे आली.

पोच येईपर्यंत थांबा

आपण रजिस्टर पत्र पाठवतो तेव्हा पोचपावतीची वाट पाहतो. वाय-फायचेही तसेच आहे. माहितीचा प्रत्येक तुकडा पाठवला की राउटर पोच मागतो. ती ठरलेल्या वेळात आली नाही तर तुकडा हरवला असे समजून तो पुन्हा पाठवतो. घरातल्या अंतरांच्या हिशेबाने त्याला धीर दिलेला असतो तो सेकंदाच्या अवघ्या काही लक्षांशांचा. त्याच्या मते तेवढे पुष्कळ झाले.

पण बिनतारी लहर प्रकाशाच्या वेगाने गेली तरी २७९ किलोमीटर जाऊन परत येण्यात १८६ लक्षांश सेकंद जातात. पोच वाटेत असतानाच इकडचा राउटर अधीर होऊन तेच पत्र पुन्हा टाकतो, मग पुन्हा, आणि पुन्हा. समोरचा बिचारा पोच पाठवून थकतो. दोघेही खरे बोलत असतात, आणि संवाद मात्र होत नाही!

यावरचा इलाज यंत्राचा नव्हता, शिकवणीचा होता. ओपन-डब्ल्यूआरटी नावाची, कोणालाही फुकट मिळणारी आणि बदलता येणारी आज्ञावली त्या राउटरमध्ये घातली, आणि त्याला बजावले: जरा जास्त वेळ थांब. राउटर थांबायला शिकला आणि २७९ किलोमीटरवरून माहिती येऊ-जाऊ लागली. गती संथ होती. पण साध्या राउटरने, जुन्या डिशने, कोणतीही जोडताकद न घेता इतके अंतर कापले होते.

पुढच्याच वर्षी, २००७ साली, हे सारे पुन्हा डोंगरावर चढले. या खेपेस दुसरे टोक होते प्लातियोन हा डोंगर. अंतर ३८२ किलोमीटर. मुंबई-पणजी अंतराहून किंचितच कमी. इटलीतल्या त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय भौतिकी केंद्राचे सहकारीही मदतीला होते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या एका गटाने तोवर आणखी एक युक्ती काढली होती. प्रत्येक तुकड्यागणिक पोच मागण्याची पद्धतच त्यांनी सोडून दिली, आणि दोन्ही टोकांना वेळ वाटून दिला: आता एवढा वेळ तू बोल, मग तेवढा वेळ मी बोलेन. या शिस्तीने ३८२ किलोमीटरवर दोन्ही दिशांना सेकंदाला सुमारे तीस-तीस लाख अंश, म्हणजे तीन-तीन मेगाबिट, माहिती वाहू लागली. समोरासमोर बसल्यासारखे चित्रासह बोलायला एवढे पुरे.

मला यातले सर्वांत अधिक काय आवडले असेल तर ते हे. ताकद कोठेच वाढवली नाही. डिशने जे होते ते एकवटले, आणि आज्ञावलीने थांबायला शिकवले. पावणेतीनशे किलोमीटर कापले गेले ते या दोन गोष्टींनी.

थेनीच्या गावांतले डोळे

अशा प्रयोगांचा सामान्य माणसाला काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच देशात आहे. तामिळनाडूत पश्चिम घाटाच्या पायथ्याशी थेनी नावाचा जिल्हा आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची एक शाखा थेनीला आहे. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसाला डोळ्याला काय झाले आहे हे विचारायलासुद्धा एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे मोडून तिथवर यावे लागे. पुष्कळजण येतच नसत, आणि मोतीबिंदू पिकत राहत असे.

रुग्णालयाने गावोगावी लहान दृष्टिकेंद्रे काढली. तिथे एक प्रशिक्षित मुलगी रोग्याचा डोळा तपासते. प्रश्न होता तो डॉक्टरांशी बोलणे करून देण्याचा. त्याच बर्कलीच्या गटाने २००० नंतरच्या दशकात ही केंद्रे थेनीच्या रुग्णालयाशी दूर पल्ल्याच्या वाय-फायने जोडली. अंतरे काही थोडक्या किलोमीटरांपासून पंधराच्या आसपास. डिश इथे भंगारातल्या नव्हत्या, विकत घेतलेल्या होत्या. पण तत्त्व तेच, झोत एकवटण्याचे. रोगी गावातच खुर्चीवर बसतो, डॉक्टर पडद्यावर त्याच्याशी बोलतात, औषध की चष्मा की शस्त्रक्रिया ते ठरवतात. थेनीला यायचे ते ज्याला खरोखर गरज आहे त्यानेच.

या गटाने आपल्या अडचणीही प्रांजळपणे लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या मोलाच्या आहेत. लहरींनी त्यांना फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला तो विजेने. दाब अचानक चढे आणि यंत्रातली पाटी जळून जाई. वीज मध्येच जाई आणि आज्ञावली बिघडे. बाहेरचा तज्ज्ञ येईपर्यंत केंद्र मुके होऊन बसे. म्हणून विजेचा दाब सांभाळणारी साधने बसवावी लागली, आणि तिथल्याच माणसांना दुरुस्ती शिकवावी लागली. मनोरा उभारण्याचा सोहळा एका दिवसाचा. निगा मात्र रोजची.

करून पाहणाऱ्यांसाठी

हा लेख वाचून एखाद्या गच्चीवर डबा आणि डिश यांची भेट घडणार असेल, तर चार गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली, कायद्याची. आपल्या सरकारने २००५ सालच्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झची ही लहरपट्टी विनापरवाना वापरायला मोकळी केली, पण मर्यादा घालून: झोताच्या दिशेने मोजलेली एकूण प्रखरता ४ वॅटपेक्षा जास्त नसावी. डिश १३० पट प्रखर करते, तेव्हा राउटरने स्वतः सुमारे ३० मिलिवॅटच बोलावे असा हिशेब येतो. म्हणून डिश लावली की राउटरची ताकद कमी करायची. आम्ही तेच केले. मोठ्या डिशच्या भानगडीत तर परवान्याशिवाय पडूच नये. आणि नियम बदलतात. म्हणून सुरुवातीलाच चालू नियम पाहून घ्यावा.

दुसरी, वीज आणि वारा. डिश वाऱ्यात शिडासारखी फुगते. ती भक्कम बांधावी आणि खांबाला भूमीशी जोडणारी तार द्यावी. आभाळ गडगडू लागले की गच्चीवर थांबू नये. तिसरी, कठड्यावर चढून नेम धरू नये. चौथी, इमारतीतल्या मंडळींची संमती घ्यावी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना आपल्या डोक्यावरून काय जाते आहे याची धास्ती वाटली होती. त्यांच्या घरातला राउटर याच लहरी याहून अधिक जोराने सोडत असतो हे समजल्यावर ते निश्चिंत झाले, आणि त्यांनीच आम्हाला शिडी दिली.

दोन्ही टोकांना अशा घरगुती डिश आणि मध्ये खरोखर मोकळी वाट असेल तर दहा-पंधरा किलोमीटर अंतर मर्यादेत राहूनही जमू शकते. शहरात मात्र याच पट्टीवर शेकडो राउटरांचा कलकलाट असतो. खरी मजा आणि खरी गरज शहराबाहेरच. पुतणीच्या मनात आता तेच घोळते आहे. आमच्या गावाकडच्या वाडीत फोन लागत नाही. पण वाडीमागच्या टेकडीवरून तालुक्याच्या शाळेचे कौलारू छप्पर स्वच्छ दिसते. अंतर तिने नकाशावर मोजून ठेवले आहे. नऊ किलोमीटर.

काल भंगारवाला पुन्हा आला होता. त्याने खालूनच विचारले, "काय बाई, ती डिश द्यायची का?"

मी उत्तर देणार एवढ्यात सौभाग्यवती गॅलरीतून म्हणाल्या, "नाही, ती कामाची आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "अहो, त्या खांबालाच यंदा आकाशकंदील टांगू या. उंच दिसेल."

"काकू, तिथे नको!" वरून पुतणी ओरडली. "खांब हलला की आजी दिसेनाशा होतील!"

आकाशकंदील नेहमीच्या जागी लागला आहे.